उचलता येईल एवढंच

कास्पर दुसऱ्या मजल्यावर बसला तो बसलाच. मोमसेनबाईंनी पट्टा ओढून पाहिला, गोंजारून पाहिलं, कोटाच्या खिशातला सॉसेजचा तुकडा नाकाशी धरला. तो त्यानं गट्ट केला आणि पुन्हा पुढच्या पायांवर डोकं टेकलं. वासराएवढं म्हातारं कुत्रं, मागचे पाय फरशीवर पसरून पडलेलं, आणि घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट त्या इमारतीला कधी नव्हतीच.

बाईंना मुलाचा फोन आठवला. रविवारी मुलानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, ज्या दिवशी त्याला जिना चढवणार नाही, त्या दिवशी डॉक्टरला बोलवायचं. एक इंजेक्शन, संपलं. मग रडारड नको. हवं तर छोटंसं कुत्रं आणून देतो." आणि बाई 'बरं' म्हणून बसल्या होत्या.

"ऊठ ना रे राजा," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस तरी ऊठ."

समोरचं दार उघडलं. हार्डरसाहेब बाहेर आले. काखेत त्यांची फिफी, बेकरीतून आणलेल्या पावासारखी. एकाच जिन्यावर इतकी वर्षं राहून दोघांचं बोलणं 'गुड मॉर्निंग' आणि 'आज गारठा आहे' याच्यापुढे कधी गेलं नव्हतं.

"बसला का, मोमसेनबाई?"

"नाही, नाचतोय!"

हार्डरसाहेबांनी ते मनावर घेतलं नाही. "राग मानू नका, पण म्हातारपणी माणसानं आपल्याला उचलता येईल एवढंच कुत्रं पाळावं. ही बघा. काखेत मारली की चाललो. खाणं मूठभर, आंघोळ बेसिनमध्ये. आणि पंधरा-सोळा वर्षं जगतात ही. तुमचे मोठे दहाव्या वर्षीच थकतात."

"आणि सोळा वर्षं जगली तर तुमच्यामागे तिचं कोण करणार?"

बाई पायरीवर बसल्या. बोलायचं नव्हतं, तरी बोलून गेल्या, "हा रात्री माझ्या पाठीला पाठ लावून झोपतो. थेट खांद्यापासून कमरेपर्यंत. तेवढी पाठ तुमच्या फिफीकडे आहे का?"

"नाही," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी फिफीचे कान चोळले. "ती उशाशी झोपते. कुशीवर वळायचीसुद्धा भीती वाटते मला, चिरडेल म्हणून. सबंध रात्र आपला लाकडासारखा पडून असतो."

मग ते एकदम आत गेले, फिफीला कोंडून आले, आणि हातात अंघोळीचा मोठा टॉवेल. तो त्यांनी कास्परच्या पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढ्यात सरकवला आणि दोन्ही टोकं मुठीत धरली. "तुम्ही पुढून पट्टा धरा. मी मागून उचलतो."

"तुमची कंबर जाईल, हार्डरसाहेब."

"कंबर कधीच गेलीय. धरा."

कास्पर कण्हला, पण उठला. एक पायरी. दुसरी. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिघंही धापा टाकत होते. शेवटच्या वळणावर त्याचे पुढचे पाय घसरले आणि सगळं वजन मागे आलं. पट्टा बाईंच्या हातातून निसटू लागला.

"सोडू नकोस!" हार्डरसाहेब खालून ओरडले. "अगं, ओढ! ओढ की, बघत काय राहिलीस!"

बाईंनी ओढलं. कुठून बळ आलं कोण जाणे. मुलगा 'तू' म्हणायचा, पण तो आईला, आणि तेही फोनवर. 'अगं' म्हणणारा माणूस जाऊन कितीतरी हिवाळे झाले होते. कास्पर वर आला, उंबरा ओलांडून आत गेला आणि स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या भांड्यात तोंड घालून लपालपा प्यायला लागला. आजचा दिवस तरी पार पडला.

हार्डरसाहेब दारातच थांबले. चेहरा लालबुंद, टॉवेलवर केसच केस. "ते मघाशी... जरा एकेरीवर आलो. माफ करा, मोमसेनबाई."

"कधी? माझं लक्षच नव्हतं," बाई म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या. आणि म्हणताक्षणीच आपलीच जीभ उपटून टाकावीशी वाटली त्यांना.

"मग ठीक." त्यांनी मान लववली आणि टॉवेलची घडी घालत जिना उतरू लागले.

पावलं तिसऱ्या मजल्याच्या खाली गेली, तेव्हा बाई धावत बाहेर आल्या. "अहो, सकाळी त्याला खाली न्यायचंय!"

"हो, ते आहेच," खालून आवाज आला.

"याल...?" म्हणता म्हणता त्या थांबल्या. कठडा घट्ट धरला. या वयात कानशिलं तापली त्यांची. मग होतं नव्हतं तेवढं धैर्य एकवटून त्यांनी खाली हाक दिली, "येशील का?"

खाली पावलं थांबली. किल्ली फिरली, दार उघडलं, आणि इतका वेळ कोंडलेली फिफी तारस्वरात भुंकत बाहेर सुटली.

"येईन की!" हार्डरसाहेबांचा आवाज त्या कल्लोळातून वर आला. "नुसती बेल वाजव..." आणि पुढचं अक्षर, असलंच तर, त्या भुंकण्यात गेलं.

दार लागलं. जिना पुन्हा गप्प झाला. मोमसेनबाई कठड्यावर वाकून तशाच उभ्या राहिल्या. 'वाजव' म्हणाला, की 'वाजवा' म्हणाले?