दिव्याला कन्नड येत नाही

“साडीच्या जाहिरातीला मुलगी पाहिजे. पार्टी म्हणते, उद्याच भेटायचं. तुम्ही काय करणार?” पूर्णिमा मॅडमनी विचारलं.

“आधी फोटो पाठवते. मग पोरीच्या घरी फोन करून टायम ठरवते,” दिव्या म्हणाली. “आणि भेटीला तिच्यासंगं मी सवता जाते.”

मॅडम हसल्या. दिव्याला वाटलं, जमलं!

बेळगावच्या खडेबाजारातल्या कापडदुकानाच्या माडीवर हे ऑफिस होतं. मॉडेल आणि नाटकातल्या कलाकारांच्या जाहिरातवाल्यांशी भेटी ठरवून द्यायच्या, हा इथला धंदा. त्यासाठी त्यांना एक बाई हवी होती. दिव्याचं सासर कर्नाटकातल्या निपाणीजवळच्या बोरगावचं. लग्न झाल्यापासून ती घरात बसून पार विटली होती. या खेपेला नोकरी मिळाली नाही, तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं वृषभनं, म्हणजे नवऱ्यानं, निघतानाच बजावलं होतं.

तेवढ्यात मॅडमचा भागीदार नागेंद्र आत आला. दिव्याकडे न बघताच तो मॅडमशी कन्नडमध्ये बोलू लागला.

“बाहेर बसलेली खानापूरची पोरगी पार्टीला पसंत आहे.”

“शनिवारी ने मग. शूटिंग बेळगावातच आहे म्हणून सांग, आणि गाडी लोंढ्याच्या जंगलाकडे घाल. तिचा फोन आधी काढून घे.”

“बाप बरोबर आला तर?”

“ही नवी बाई त्याला इथं चहा पाजत बसवेल. फार चौकस दिसत नाही.”

बोरगावात राहायचं आणि कन्नड यायचं नाही, असं कुठं असतं का? तिला एकूण एक शब्द कळला होता. तिनं नजर टेबलावरच्या काचेवर ठेवली आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं. गाल दुखायला लागले.

“आमचं बोलणं कळलं का तुम्हाला?” मॅडमनी अचानक मराठीत विचारलं.

“न्हाय मॅडम,” दिव्या म्हणाली. “माझं म्हायेर इचलकरंजीचं. मला कन्नड येत न्हाय.”

“असू दे, त्याचं काय एवढं. कळवतो आम्ही.” मॅडमनी तिचा अर्ज टेबलावरून उचलला. अर्जावर तिचा बोरगावचा पत्ता होता, वृषभचा फोन नंबर होता. “जाताना बाहेर बसलेल्या आरोहीला तेवढं सांगा, शनिवारी सकाळी ये म्हणावं.”

बाहेर बाकावर एक पोरसवदा मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. दिव्याला बघून ती झटकन उठली.

“शनिवारी सकाळी बोलावलंय तुला,” दिव्या म्हणाली.

“आक्का, तुम्ही हितंच कामाला काय?” मुलीनं हळूच विचारलं. “आमचं आप्पा संगं येतो म्हणालेत. मॅडम म्हणतात, एकटीच ये. एकटीनं यायला भ्या न्हाय न्हवं?”

दिव्यानं मागं पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं आणि फटीतून नागेंद्रचा खांदा दिसत होता. पळ गं पोरी, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंसुद्धा तोंडातून फुटेना. हे लोक बोरगावला घरी आले तर? वृषभला काही केलं तर? आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“भ्या कसलं?” ती म्हणाली. “ये की.”

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. दिव्याला ती नजर सोसवेना. तिनं पर्स छातीशी धरली आणि भराभरा जिना उतरली. बसमध्ये बसल्यावर पोलिसांना फोन करू, नाव न सांगता करू, असं तिनं मनाशी म्हटलं. नाहीतर निपाणीला उतरल्यावर करू. रस्त्यावरच्या गर्दीत शिरल्यावर तिला जरा हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाजही वाटली.

माडीवर आरोहीनं बोटाची ओढणी सोडली, खिडकीतून दिव्या कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं आणि आत जाऊन मॅडमच्या समोरची खुर्ची ओढली.

“आक्का, तुमचं कन्नडातलं नाटक खरं मानून हीबी मला सावध न करता गप्पच गेली,” ती म्हणाली. “हिच्या भरवशावर आपल्या पोरी कशा सोडायच्या? फुडच्या बाईला बोलवू काय?”