अकस्मात

मार्सेलने पाटीचा मजकूर लिहिलेला कागद ओटीवरच्या टेबलावर ठेवला आणि वाचून दाखवला. निर्मळ गावच्या मैदानात सरावासाठी नवी खेळपट्टी तयार झाली होती. तिला गुरुदत्त आणि मंदाच्या मुलाचं, वर्षापूर्वी गेलेल्या नीलेशचं नाव द्यायचं ठरलं होतं. रविवारी कार्यक्रम होता आणि पाटी कोरणारा मजकुरासाठी खोळंबला होता.

"डावखुरा फिरकी गोलंदाज. सहा रणजी मोसम, एकशे अडुसष्ट बळी. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मैदानावर खेळत असताना अकस्मात निधन."

चांगलं लिहिलंय, असं म्हणून मंदा चहा टाकायला उठली.

"अकस्मात काढ," गुरुदत्त म्हणाले.

काकांना शब्द जड वाटला असेल, असं मार्सेलला वाटलं. नीलेशबरोबर तो शाळेपासून खेळलेला, पुढे रणजीतही दोघं एकाच संघात. त्याने 'अचानक' सुचवलं. गुरुदत्तांनी मान हलवली. मंदा दारातच थांबली होती. धडधाकट मुलगा चेंडू हातात घेऊन ओव्हर टाकायला उभा राहतो, खाली बसतो आणि उठतच नाही, ह्याला दुसरं काय म्हणायचं, असं तिने विचारलं.

वर्षभर गुरुदत्त कोणत्या ना कोणत्या निमित्ताने हाच प्रश्न चुकवत आले होते. चुकवणं जमलंही होतं. पण आता तो शब्द दगडात कोरला जाणार होता.

"तो धडधाकट नव्हता," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

मग त्यांनी सांगून टाकलं. नीलेश गेला त्या वर्षी एप्रिलमध्ये ते केळींना पाणी सोडत असताना तो वाडीत आला होता, डॉक्टरांचा कागद घेऊन. हृदयाचा स्नायू जाड झालाय, खेळ कायमचा बंद करा, असं त्यात होतं. त्याने वडिलांकडे एक मोसम मागितला. एकच. संघात कुणाला कळता कामा नये आणि आईला तर नाहीच, ती घराबाहेर पडू देणार नाही. गुरुदत्त दोन दिवस नाहीच म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी नीलेश त्यांना केळींच्या दोन रांगांमध्ये दिसला. हातात चेंडू नव्हता, तरी चार पावलं येऊन तो हात फिरवत होता, मागे जात होता, पुन्हा येत होता. त्यांनी हाक मारून त्याला हो म्हणून टाकलं. डिसेंबरात तो गेला.

मंदा खुर्चीवर येऊन बसली. तिने कागद जवळ ओढला. मग नवऱ्याला नाही, मार्सेलला तिने विचारलं, त्या शेवटच्या मोसमात तो कसा खेळला.

पाच सामन्यांत चौतीस बळी, मार्सेलने सांगितलं. एवढी सुरेख गोलंदाजी नीलेशने आधी कधी केली नव्हती. आणि पूर्वी कॅच सुटला की दोन दोन ओव्हर धुमसत राहणारा नीलेश त्या मोसमात नुसता हसायचा. संघात सगळ्यांना नवल वाटायचं.

"घरी पण हसायचा," मंदा म्हणाली. "मला वाटलं, लग्नाचं काहीतरी मनात असेल."

तिने मार्सेलच्या खिशातलं पेन मागून घेतलं, तो एक शब्द खोडला आणि कागद त्याच्या हातात दिला. त्याची स्कूटर रस्त्याला लागली.

"आठ महिने तुम्ही त्याला डोळे भरून बघितलंत," मग ती म्हणाली. "मी त्याला बूट बाहेर काढ म्हणून ओरडत होते. बघून घ्यायचंय, हे मला माहीतच नव्हतं."

माफ कर म्हणायला गुरुदत्तांनी तोंड उघडलं, पण तिने हातानेच थांबवलं. आपली खुर्ची उचलून तिने त्यांच्या समोर आणून ठेवली.

"ते नंतर. तुम्ही बघत होता ना, मग तुम्हाला आठवत असेल. काय बोलायचा, कसा झोपायचा, सगळं," ती म्हणाली. "एप्रिलपासून सांगा. एक दिवस गाळू नका."