पूल पाडण्याचा मंत्र

पूल पाडला तर जादूगाराला राजगुरूची गादी मिळणार होती, वर नदीकाठचं घर. नाही पाडला तर फितूर सेनापती संध्याकाळपर्यंत राजवाड्यात येणार, आणि मग बाळराजाचं काय झालं हे विचारायचीही सोय उरणार नव्हती. फायदा उघड होता. प्रश्न होता तो किमतीचा.

मंत्राला आठवण द्यावी लागते, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिवा लावायला एखादी जुनी दुपार पुरते. पूल पाडायला मात्र पहिली भेट लागते, आणि ती गेली की माणूस अनोळखी होतं. रिवाज असा, की आठवण ज्याच्यासोबतची, त्याचा हात धरून ती मोठ्याने सांगायची.

"वहिनींना आणलंत ना?" प्रधानाने बुरुजाच्या जिन्यातच विचारलं.

"आणलंय. तुम्हीही मंत्र शिकला होतात म्हणे?"

"शिकलो होतो. बायकोचा हात मागायची हिंमत झाली नाही." प्रधान हसला आणि दाराबाहेरच थांबला.

खिडकीतून पूल दिसत होता. पलीकडे घोड्यांची धूळ.

"मी तुला विसरलो तर?" जादूगाराने बाकावर शेजारी बसलेल्या बायकोला विचारलं.

"बरंच की! माझं घोरणं तरी विसराल."

"थट्टा नको. मला सगळं पहिल्यापासून सांगायचंस. जिन्याखालची आपली खोली, गळकं छप्पर..."

"कुठली खोली?"

"घ्या! विसरभोळी ती विसरभोळीच." तो हसला. आजवरच्या मंत्रांत आपलं काय गेलं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. गेलेली आठवण कळणार तरी कशी?

त्याने तिचा हात धरला आणि सांगायला लागला. तिच्या काकांचं शिवणकामाचं दुकान. त्याची फाटकी बाही. निळ्या कापडावर तिने घातलेला लाल टाका.

"काका तुझ्यावर ओरडले, आणि मी म्हणालो, मला लालच हवा होता."

"खोटारडे! दुसऱ्या दिवशी दुसरी बाही मुद्दाम फाडून आलात."

"तुला कळलं होतं?"

"कात्रीने सरळ कापलेली बाही? काकांनाही कळलं होतं."

दोघं पोट धरून हसली. त्याचे डोळे भरून आले. मग त्याने मंत्र म्हटला.

पूल मधोमध मोडला. खाली राजवाड्यात जल्लोष झाला, सेनापतीचं निशाण माघारी वळलं.

जादूगार डोळे मिटून चाचपडत राहिला. दुकान होतं. बाही होती. लाल टाकासुद्धा जागच्या जागी. मंत्रालाच चकवलं की आपण!

"अगं, सगळं आठवतंय मला! सगळं!"

तिने हात हलकेच सोडवून घेतला आणि बाकाच्या टोकाला सरकली.

"बरं झालं हो," ती अदबीने म्हणाली. "पण जरा पलीकडे बसता का? हे येतीलच इतक्यात."