नाव झाकलेला शोधनिबंध

"हा निशांतच," दत्तोपंत म्हणाले आणि चष्मा पुसून पुन्हा संगणकाकडे वळले.

हवामानशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकानं त्यांच्याकडे परीक्षणाला शोधनिबंध पाठवला होता. तिथं छापून आलेलं देशोदेशीच्या वेधशाळा उचलतात, म्हणून परीक्षण कडक. लेखकाचं नाव परीक्षकाला कळत नाही, परीक्षकाचं लेखकाला. विषय होता निपाणी-चिकोडीकडचा वळीव. तवंदी घाटावर आलेला ढग फुटून दोन वाटांनी का जातो, याचा शोध.

"आजोळच्या गच्चीवर उभा राहून हेच विचारायचा की तो."

विद्युल्लताबाई भाजी निवडत होत्या. "दुसरं कुणी नसेल कशावरून?"

"आपल्या भागातलं, एवढं शिकलेलं दुसरं आहे कोण?"

 दोघं नवरा-बायको एम.एस्सी.ला एकाच वर्गात होते. लग्नानंतर ती घरात रमली, असं दत्तोपंत बेळगावात सगळ्यांना सांगत.

निशांत जर्मनीत हवामानशास्त्रातच होता. त्याच्या लग्नावरून बिनसलं, तेव्हापासून बापलेकांत अबोला होता.

दत्तोपंतांनी शंका काढली: एवढ्याशा मुलखाचा पाऊस या नियतकालिकाच्या कक्षेत बसतो का? काही आठवड्यांनी उत्तर आलं: ढग कुणाचीच हद्द मानत नाहीत. ते वाचून दत्तोपंत कितीतरी दिवसांनी हसले. मग आणखी शंका काढल्या. उत्तरं येत राहिली, कधी तिखट, कधी समजूत घातल्यासारखी. उत्तर आलं नाही की त्यांना जेवण गोड लागेना.

"मुद्दाम अडवताय का त्याला?" माहेरी निपाणीला जाऊन आलेल्या विद्युल्लताबाईंनी एकदा विचारलं.

"निबंध पास केला की संपलं गं. मग कुठला बोलतोय तो माझ्याशी?"

त्यांनी पदरानं कपाळ टिपलं. "बरं. राहू दे मग थोडे दिवस."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका सकाळी चहाचा कप पुढं ठेवत त्या म्हणाल्या, "सोडा आता. लिहिणाऱ्यानं तरी किती वाट बघायची? मुलाशी बोलायचं तर फोन आहे की."

दत्तोपंतांनी त्याच दिवशी निबंध मंजूर केला.

तो प्रसिद्ध झाल्याचं कळलं, तेव्हा नाव बघायचीही गरज न वाटता त्यांनी धीर करून निशांतला फोन लावला.

"तुझा निबंध वाचला रे," ते म्हणाले. "लई चांगला झालाय."



"बाबा," निशांत म्हणाला, "माझा नाही तो. आईचा आहे."