दोन खिडक्यांतलं गाणं

लोकगीतांसाठी नावाजलेल्या त्या डोंगरातल्या गावात आम्ही नवरा-बायको खास दोन म्हाताऱ्या बहिणींना ऐकायला गेलो. घरं भिंतीला भिंत लागून, पण वीस वर्षं दोघींचं बोलणं बंद. गाणं मात्र जोडीनंच म्हणायचं, म्हणून आपापल्या खिडकीत बसून, एकमेकींकडे ढुंकूनही न बघता त्या गायल्या. एक ओळ थोरलीची, पुढची धाकटीची. सूर कुठे म्हणून ढळला नाही.

निघताना थोरलीच्या पाया पडलो. खिडकी लावत ती म्हणाली, "जाता जाता शेजारी एक निरोप द्याल?"

"देतो की. काय सांगू?"



"म्हणावं, तिसऱ्या कडव्याला दम लागला तुला. उद्या नऊला डॉक्टरकडे जायचंय, आवरून बस."