बावन्न इंचांची रेघ

"टाचा टेकव," सुतार म्हणाला.

"टेकवल्यात, बाबा."

"नीट टेकव."

थोरली शाळेच्या गणवेशात आतल्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती. सुताराने नव्या फळ्यांवर गुडघे टेकले आणि तिच्या टाचेखाली कागद सरकवून पाहिला. सरकेना. मोजे काढायला लावले. मोज्यांत पायांखेरीज काही नव्हतं. मग त्याने तिच्या केसांतून बोटं फिरवली. मागच्या महिन्यात तिने रिबिनीचा बोळा करून भांगात दडवला होता, तेव्हापासून या बाबतीत त्याचा तिच्यावर काडीचाही विश्वास राहिला नव्हता. शेवटी त्याने काटकोनी गुण्या काढला, त्याची एक बाजू चौकटीला लावली, दुसरी तिच्या डोक्यावर हलकेच दाबली आणि डोळे बारीक केले.

गुण्या बरोबर चौकटीवरच्या रेघेवर आला होता.

रेघ त्याच्याच हातची. डोकं रेघेला लागलं की एकटीने सायकलवरून शाळेत जायचं, असं गेल्या वर्षी ठरलं होतं. वाटेत मोठा रस्ता होता आणि त्यावरून दिवसभर ट्रक धावायचे. म्हणून सुताराने रेघ चांगली वर काढली होती. दोन वर्षं तरी घोर नाही, असं त्याने धरलं होतं. अजून एकही पुरतं झालं नव्हतं.

"गेल्या महिन्यात दोन बोटं खाली होतीस तू."

"मग वाढले."

"महिन्यात दोन बोटं?"

"पोरी वाढतात हो," आई डबा भरता भरता म्हणाली. "दुसरं काय काम आहे त्यांना? सोडा तिला, उशीर होतोय."

सुतार हटला नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. त्याने रेघ नखाने खरवडून पाहिली. जुनीच होती, खोडाखोड नव्हती. कोपऱ्यात धाकटी बसली होती. एरवी ताईच्या प्रत्येक कामात नाक खुपसणारी ही पाच वर्षांची बया आज इतक्या साळसूदपणे बुटांच्या नाड्या बांधत होती, की त्याचा संशय दुपटीने वाढला.

"काय गं, तुला काही माहीत आहे?"

धाकटीने मान हलवली. ती हो म्हणाली की नाही, हे सांगणं कठीण होतं.

थोरलीचे डोळे भरून आले. "बाबा, तुम्हीच म्हणाला होतात, रेघेला डोकं लागलं की जायचं. लागलं ना? मी काही लपवलंय का? दाखवा ना मग."

सुताराने भिंतीवरच्या खुंटीवरून सायकल उतरवली, हवा पाहिली, ब्रेक दोनदा दाबून पाहिले, मग तिसऱ्यांदा. थोरली सायकलवर बसली आणि मागे न बघता निघून गेली.

तो घरात परतला, तो थेट चौकटीपाशी. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की पोरीचं सगळं तपासलं, पण रेघेला टेप लावलीच नाही. आपल्याच हातची रेघ आपण काय मोजायची! रेघेशेजारी त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, ५२. त्याने टेपचं टोक जमिनीला टेकवलं आणि पट्टी वर ओढली.

साडेपन्नास.

त्याने पुन्हा मोजलं. साडेपन्नासच. मग त्याची नजर सावकाश खाली आली, पायांखालच्या फळ्यांवर. पंधरा दिवसांपूर्वी जुन्या लादीवर त्याने स्वतः ठोकलेल्या फळ्या, दीड इंची. तो अर्धा इंची टाकणार होता. थोरलीने हट्ट धरला होता. "बाबा, जाड टाका ना, माझे पाय गार पडतात." दोन दिवस ती मागे लागली होती. वखारीत सोबत आली होती, स्वतः टेप धरून एकेक फळी मोजली होती, आणि पोरगी कामात लक्ष घालते म्हणून तो चार लोकांत मिरवला होता.

सुतार बाहेरच्या दाराकडे धावला.

गल्लीच्या टोकाला थोरली मोठ्या रस्त्यापाशी पोचली होती. हाक मारायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात ती सायकलवरून उतरली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. एक ट्रक जाऊ दिला. दुसरा लांब होता, तोही जाऊ दिला. मग सायकल हातात धरून, चालत, तिने रस्ता ओलांडला. पलीकडे गेल्यावर पुन्हा बसली आणि दिसेनाशी झाली.

सुताराने हाक गिळली. त्याला राग आला होता, आणि हसूही येत होतं.

मागे खुडबुड झाली. धाकटी चौकटीला पाठ लावून, टाचा नीट टेकवून उभी होती. हात डोक्यावर आडवा धरून ती वरच्या रेघेकडे बघत होती. रेघ अजून फार उंच होती.

"बाबा," ती म्हणाली, "माझेपण पाय गार पडतात हं."