सात की दहा

घड्याळजीने मेजावर सहा पेले मांडले, मग त्यातले दोन उचलून परत कपाटात ठेवले. बर्बन व्हिस्कीची तिसरी बाटली आज उघडायची नव्हती. ती पाणी न घालता थेट पिंपातून भरलेली असे आणि दोघांनाही झेपत नसे. त्या एका बाबतीत त्यांचं पहिल्यापासून एकमत होतं.

समोर साडू बसला होता. गोदीत तीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस. खाली उभ्या असलेल्यांना ऐकू जावं म्हणून ओरडायची सवय लागली ती निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. आज मात्र आल्यापासून त्याने पाणीसुद्धा हलक्या आवाजात मागितलं होतं.

साडूची बायको जाऊन दोन महिने झाले होते, घड्याळजीची जाऊन चार वर्षं. दोघी सख्ख्या बहिणी. थोरली गेल्यावरही धाकटीने महिन्याचा एक रविवार कधी चुकवला नाही. भाऊजी एकटे आहेत म्हणून ती नवऱ्याला ओढत घेऊन यायची, पुरुषांना बाहेरच्या खोलीत बसवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात बहिणीचे डबे पुसत बसायची.

या वेळी ओढत आणणारं कुणी नव्हतं. घड्याळजी फोन हातात धरून बराच वेळ बसला होता. काय म्हणावं ते सुचेना. शेवटी एवढंच म्हणाला, की दहा वर्षांची मिळालीय, रविवारी दुपारी या.

खरं तर दोघांना एकमेकांशी बोलायला दुसरा विषयच नव्हता. वीस वर्षं एकच वाद. बर्बन एकाच कारखान्याची, मक्याच्या जोडीला गहू घातलेली, म्हणून जिभेला मऊ. धान्य तेच, पाणी तेच, लाकूड तेच. फरक पिंपात काढलेल्या वर्षांचा. साडू सातचा, घड्याळजी दहाचा. साडू म्हणे, सातमध्ये गहू अजून गहू असतो, ताज्या पावासारखा. तुमच्या दहामध्ये नुसतं लाकूड चघळायचं. घड्याळजी म्हणे, सात म्हणजे घाईने उतरवलेला पाक. यावरून एकदा साडू भरल्या ताटावरून उठला होता. एकदा घड्याळजीने त्याच्या जिभेला क्रेनचा दोर म्हटलं, तर पुढचा महिनाभर त्याने फोन उचलला नाही.

घड्याळजीने चारही पेल्यांत नजरेच्या अंदाजाने सारखी ओतली. साडूने आधी सात घेतली, तोंडात घोळवली, गिळली. मग दहा. मग पुन्हा सात. घड्याळजी खुर्चीत पुढे सरकून बसला. त्याची उत्तरं तयार होती.

"घ्या, करा सुरू," तो म्हणाला.

साडू पेल्याकडे बघत राहिला. "तुमचंच बरोबर होतं," तो म्हणाला. "दहाच चांगली."

हे ऐकायला घड्याळजीचे कान वीस वर्षं आसुसले होते. ऐकलं मात्र, घाईघाईने तो सातची बाजू घेऊन बोलायला लागला. सातचा गोडवा दहाला नाही, गिळल्यावर मागे जो पावाचा वास राहतो तो दहात शोधून सापडत नाही, वर्षं वाढली म्हणून चव वाढतेच असं कुणी सांगितलं? सगळं साडूचंच होतं, ऐकून ऐकून पाठ झालेलं. साडूने ते नीट ऐकून घेतलं आणि तेही बरोबरच आहे म्हणाला.

"असं कसं, साडूभाऊ? एवढी वर्षं भांडलात माझ्याशी."

"मला कुठे त्यातलं काय कळायचं," साडू म्हणाला. "मी आवाज चढवला की ती आतून हसायची. तेवढ्यासाठी."

दोघी बहिणींचं ते हसणं घड्याळजीलाही ऐकू यायचं. आपण साडूची बोलती बंद केली म्हणून त्या हसतात, अशी त्याची समजूत होती.

साडूने उरलेली संपवली. रिकामा पेला विसळायला म्हणून तो उठला, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, तिथे थांबला आणि माघारी येऊन पेला मेजावरच ठेवला. निघतो म्हणाला. पुढच्या महिन्यात तिसरी बाटली उघडू, घड्याळजी दारात म्हणाला. साडूने बघू म्हटलं. ते उघडू असं नव्हतं आणि नको असंही नव्हतं.

खिडकीतून समोरचा बसथांबा दिसायचा. साडू रस्ता ओलांडून तिथल्या बाकावर बसला. त्याच्या घराकडे एकाच नंबरची बस जायची. ती दहा मिनिटांत आली, थांबली, दोन बायका उतरल्या आणि बस निघून गेली. साडू बाकावरच होता. घड्याळजीला वाटलं, नंबर दिसला नसेल. वीस मिनिटांनी दुसरी आली. चालकाने दार उघडून त्याच्याकडे पाहिलं. साडूने हातानेच त्याला जा म्हटलं.

घड्याळजीने चपला घातल्या आणि जिना उतरला. तो बाकाजवळ गेला तेव्हा साडूने थोडं सरकून जागा केली.

मग दोघांनी मिळून आणखी तीन बस सोडल्या.